सरकारजमा आवाज

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखतो म्हणतेस आणि दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहतेस. गावभर गोळ्या वाटतेस, त्यातली एखादी स्वतःच्याही तोंडात टाकत जा.

माझी बदली झाली. घाबरू नकोस, वरच्या मजल्यावरून तळघरात. आमच्या गृहखात्याला यंदा शंभर वर्षं पुरी होतायत, म्हणून खात्याचा इतिहास लिहायचं ठरलं आहे. ज्याचं अक्षर बरं आणि ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, असा माणूस शोधताना साहेबांची नजर माझ्यावर गेली. तू म्हणशील, चला, कुणीतरी गुण ओळखले.

पण ताई, काम मोठं गमतीचं आहे. सुरुवातीला खातं म्हणजे दोन खोल्या, एक अधिकारी आणि कंदील घेऊन फिरणारे पहारेकरी. संध्याकाळी गल्ल्यांतले दिवे लागलेत का बघायचं आणि शहराचा दरवाजा लावून घ्यायचा, एवढंच काम. मग तुरुंग आले. मग आगीचे बंब आले, जन्ममृत्यूच्या नोंदी आल्या, मतदारयाद्या, सरहद्दीवरचे नाके, पासपोर्ट. दुसऱ्या कुठल्या खात्याला नको असलेलं काम आमच्या दारात आणून सोडायचे, मांजराची पिल्लं सोडतात तसं. साहेब म्हणाले की गृहखातं म्हणजे देशाचं कुलूप आहे, असं पहिल्या पानावर लिही. मी विचारलं, मग किल्ली कुणापाशी असते तेही लिहू का. ते हसले नाहीत.

आता खरी बातमी. तळघरात ध्वनिफितींची एक खोली आहे. तिथल्या रेकॉर्डिंगवाल्या काकांनी माझं आडनाव ऐकलं आणि माझ्याकडे बघतच राहिले. बाबांबरोबर त्यांनी सारी हयात काढलेली. त्यांनी एक फीत लावली आणि बाबा बोलायला लागले. 'नागरिकहो, लक्ष द्या. संचारबंदी लागू झाली आहे. घरात जा. दारं लावून घ्या. खिडकीशी उभे राहू नका.' त्यानंतर पुराची सूचना, आगीची सूचना, सगळी बाबांच्याच आवाजात. ताई, मी लहान पोरासारखा रडलो. आपल्याशी इतकं सलग ते कधी बोलले होते का? मी एका बैठकीत त्यांचं वर्षभराचं बोलणं ऐकून घेतलं.

आता ते काम कुणीही करतो. घसा बसलेला एक कारकून आहे, तो असा ओरडतो की आग लागली की सर्कस आली ते कळत नाही. मी साहेबांना टिपण लिहिलं की या जुन्या फितींच्या प्रती काढाव्यात, वाया घालवू नयेत. आईसाठी एक प्रत पाठवू का? तिला ऐकून बरं वाटेल. तिला माझा नमस्कार सांग.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. फीत पाठवू नकोस. पाठवलीस तर ती दुकानाच्या मागच्या गटारात जाईल, आधीच सांगून ठेवते.

तू लहान होतास, म्हणून तुला सगळं गोडगोड आठवतं. मला आठवतं ते असं: बाबा संध्याकाळी यायचे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचे, गळ्याला मफलर गुंडाळायचे आणि खुणांनी चहा मागायचे. घसा सरकारचा म्हणून जपायचा. आई दिवसभराचं साठवून ठेवलेलं बोलायची आणि ते मान हलवायचे. एकदा ती इतकी भडकली की म्हणाली, नाव गृहखातं आणि माणूस घरात असून नसल्यासारखा. त्यावरही बाबांनी मानच हलवली.

आणि ते गेले तेही तिथेच, त्या तुझ्या तळघरात, कामावर असताना. खात्याच्या गाडीतून त्यांना घरी आणलं, एक हार घातला, आईची सही घेतली आणि माणसं निघून गेली. आई गाडीमागे कोपऱ्यापर्यंत गेली होती. का, ते मला आजवर कळलेलं नाही. ते सगळं आता तिच्या अंगावर पुन्हा घालायचं नाही.

ती तशी ठीक आहे. कान गेलेत म्हण ना. दूधवाला दार बडवून बडवून हात लाल करून घेतो, तरी हिला पत्ता नाही. खालचे शिंपीकाका म्हणतात की म्हातारी नको तेवढंच ऐकत नाही. दुपारी गॅलरीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या चालण्याला नावं ठेवते. तुझं लग्न कधी, हे विचारणं मात्र विसरत नाही.

गावात वातावरण बरं नाही. पुलापलीकडच्या वस्तीचं पाणी बंद केलंय. रोज मोर्चे निघतायत. काल आमच्या दुकानाच्या काचेवर दगड आला. तुझं शंभर वर्षांचं खातं यावर काय करतंय ते जरा विचार तिथे.

प्रकृतीला जप. भेटीची वाट बघतोय दोघी.

तुझी,
ताई


४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, फीत पाठवत नाही. पण तुझा राग निवेल अशी बातमी आहे. माझं टिपण थेट मोठ्या साहेबांपर्यंत गेलं! त्यांनी मला वर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की इतकी वर्षं हे सोनं तळघरात पडलं होतं आणि कुणाला अक्कल नव्हती. बाबांच्या फितींच्या प्रती आता प्रत्येक जिल्ह्याच्या कचेरीत गेल्या आहेत. पूर येवो, आग लागो, काहीही होवो, बाबाच बोलणार.

तुला सांगतो, यामागे इतिहास आहे. पूर्वी संचारबंदी ढोल बडवून पुकारायचे. लोक ढोलवाल्याला दगड मारायचे. मग शिट्ट्या आल्या, मग भोंगे आले. भोंगा वाजला की लोक घाबरून उलटे रस्त्यावर यायचे, काय झालं ते बघायला. बाबा आले आणि चित्र पालटलं. जुन्या अहवालात एका अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय की हा आवाज ऐकला की माणसं दगड खाली टाकून घरी जातात, घरातलं मोठं माणूस सांगतंय असं त्यांना वाटतं. ताई, बाबांमुळे किती गोळ्या झाडायच्या राहिल्या असतील. आपण त्यांना घुमे म्हणत राहिलो, आणि इकडे त्यांचं केवढं काम!

पाण्याचं मी विचारलं. ते आमच्या खात्याकडे येत नाही, असं कळलं. मोर्चा निघाला की तेवढा आमच्याकडे येतो.

आईला सांग की मोठ्या साहेबांनी बाबांचं नाव घेतलं. लग्नाचं विचारलं तर सांग की मी सध्या इतिहासात गुंतलोय.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
धाकटा


१७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझे बाबा येऊन गेले आपल्या गल्लीत.

मंगळवारी पुलावर गोळीबार झाला. संध्याकाळपासून कर्फ्यू लागला. औषधांचं दुकान म्हणून मला पास मिळालाय, तेव्हा मी दुकानात होते. रस्ता चिटपाखरू नसलेला. तेवढ्यात चौकातून भोंग्याची गाडी वळली. 'नागरिकहो, लक्ष द्या.' माझ्या हातातली बाटली पडून फुटली. बाप मेल्यावर इतक्या वर्षांनी तो रस्त्यावरून जातोय आणि सांगतोय, घरात जा, दारं लावून घ्या. मी खरोखर पिशवी उचलली होती घरी जायला. पास हातात असून माझी ती गत.

आणि आई? दाराची बडवाबडव जिला ऐकू येत नाही, ती हा आवाज गल्लीच्या तोंडाशी असतानाच उठली. पायात चपला घातल्या, केसांवरून हात फिरवला आणि जिना उतरून सरळ रस्त्यात जाऊन उभी राहिली, गाडीच्या वाटेत. शिंपीकाकांनी खिडकीच्या फटीतून पाहिलं. गाडी थांबली. आई पुढे होऊन भोंग्याकडे मान वर करून काहीतरी बोलत होती. आतून फीत चालूच, खिडकीशी उभे राहू नका, वगैरे. बंदूकवाला उतरला, तो भला होता, त्यानं तिला दंडाला धरून जिन्यापर्यंत आणून सोडलं.

मी घरी आले तर ही शांतपणे चहा घेत बसलेली. काय बोलत होतीस म्हणून विचारलं. म्हणाली, ते आमचं आम्ही बघून घेऊ. धाकट्या, तिला वाटतंय की ते परत आलेत. मला दुसरं काही सुचत नाही. गाडी रोज संध्याकाळी येते आणि ती रोज दुपारपासून चपला घालून बसते.

मी तुला आधीच बजावलं होतं. तुझा इतिहास गेला चुलीत. ती फीत बंद कर. फोन सगळ्या गावाचे कापलेत, म्हणून पत्र लिहिते, दुपारी तासभर सूट मिळते तेव्हा पेटीत टाकीन.

देव तुला बुद्धी देवो.

ताई


२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं तसा मी साहेबांकडे धावलो. आई म्हातारी आहे, फीत बदला, त्या एका गावापुरती तरी बदला, असं म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मग म्हणाले की त्या फितीमुळे तुमच्या गावात एकही दगड पडलेला नाही, आणि एका बाईसाठी सबंध गाव पेटवायचं का, ते तूच सांग. त्यांनी असंही विचारलं की घराला दार आहे ना, मग लावून घ्यायला काय हरकत आहे.

ताई, मी काय करून बसलो! मला वाटलं होतं की बाबा परत मिळाले. मी ते खात्याला दिले आणि खात्यानं ते आईवरच सोडले.

आता नीट वाच. पुढच्या आठवड्यापासून हुकूम कडक होतोय. रस्त्यावर दिसेल त्याला गोळी. मी तो कागद पाहिलाय. त्यात वय नाही, बाईमाणूस नाही, काही नाही. तू दुकानात जाताना बाहेरून कुलूप घाल. तिला वाईट वाटेल, वाटू दे. हात जोडतो.

तुझा,
धाकटा


२५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

कुलूप घातलं. तुझं ऐकलं आणि पस्तावले.

मी परत आले तर दाराची फळी मधोमध चिरलेली आणि आई पाटावर बसून हाताला पट्टी बांधतेय. पाटच आपटला होता तिनं दारावर. शेजारपाजारचे जिन्यात गोळा झालेले. सगळ्यांसमोर ती मला म्हणाली की तुरुंगात घालतानासुद्धा माणसाला गुन्हा सांगतात, माझा काय गुन्हा ते सांग. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. कुलूप काढलं.

काल पुन्हा गेली खाली. या वेळी बंदूकवाला दुसरा होता. त्यानं दंडाला धरलं नाही. दुरूनच ओरडला आणि बंदूक उचलली. बोट चापावरच होतं असं शिंपीकाका म्हणतात. ते दार उघडून धावले आणि तिला कमरेला धरून आत ओढलं. त्यांची सत्तरी उलटलीय रे. बायको रात्रभर त्यांना बोलत होती, मेला असतात म्हणून. पुढच्या वेळी कोण धावेल? मी कुणाच्या तोंडानं मागू?

दुकान बंद ठेवून घरी बसावं तर इन्सुलिनवाले चार जण दाराशी येऊन रडतात. आज मी आईच्या पाया पडले, खाली जाऊ नकोस म्हणून. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, एकदा माझं काम झालं की मी कशाला जातेय. काय काम, ते सांगत नाही.

सोमवारपासून तो हुकूम. मला झोप नाही. काहीतरी कर. तुझ्या त्या शंभर वर्षांच्या खात्यात एक माणूस नाही का असा, ज्याला आई आहे?

ताई


२८ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

घाईत लिहितोय. टपालाची थैली निघायची आहे.

एक गोष्ट तुला अजून सांगितलेली नाही. तळघरात परवा मी जुना अहवाल मोठ्यानं वाचत होतो. रेकॉर्डिंगवाले काका दारातून आत आले आणि फीत कुणी चालू ठेवली ते बघायला लागले. त्यांना वाटलं, बाबाच. माझा आवाज तसाच झालाय म्हणे, थोडा खाली उतरवला की फरकच कळत नाही.

तेव्हा मी आणि काकांनी मिळून नवी फीत केली. पहिल्यापासून सगळं तेच, नागरिकहो, लक्ष द्या, घरात जा, सगळं. फक्त शेवटी माझे चार शब्द आहेत, बाबा बोलतील तसे, आईसाठी. आपल्या जिल्ह्याची जुनी फीत खराब झाल्याचं कळवून काकांनी ही नवी रवाना केली. सोमवारच्या आत पोचेल. तिला बाबांचंच ऐकायचं असेल तर बाबांनीच सांगू दे.

सरकारी हुकमात स्वतःचे शब्द घुसवणं म्हणजे काय, ते मी खात्याचा इतिहास लिहितोय तेव्हा मला चांगलं ठाऊक आहे. काकांचं नाव मी घेणार नाही. झालं काय ते लगेच कळव.

तुझाच,
धाकटा


१४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई जिवंत आहे. सगळ्यात आधी ते लिहिलं.

सोमवारी मी दुकान लवकर बंद केलं, पास असून पळत सुटले, पण गल्लीच्या तोंडाशी पोचते तोवर गाडी आत शिरलेली आणि आई रस्त्याच्या मधोमध. बंदूकवाले दोन, दोघांच्याही बंदुका वर. मी ओरडले, पण भोंग्यापुढे माझं कोण ऐकतं? तेच सगळं झालं, घरात जा, दारं लावून घ्या. आणि मग जरा थांबून, खालच्या आवाजात: 'ऐकलंस का? तू आत जा. मी सांगतोय ना. जा आत.'

दारांमागे माणसं होती, त्यांनी सगळ्यांनी ते ऐकलं. बंदूकवाल्यांनीही एकमेकांकडे पाहिलं. शिंपीकाका नंतर म्हणाले की सरकार आपल्याशी असं बोलेल, हे आयुष्यात वाटलं नव्हतं. त्यांची बायको रडत होती.

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती एकदाच भोंग्याकडे बघत म्हणाली, हो, जाते. आणि वळली. इतक्या वर्षांत तिला इतक्या भराभर जिना चढताना मी पाहिलेलं नाही. मी पोचले तर दार आतून बंद. मी आहे, मी आहे, म्हणून ओरडले तेव्हा उघडलं, मला आत ओढलं आणि पुन्हा लावलं.

शुक्रवारी कर्फ्यू उठला. पाणी सोडलं, दुकानं उघडली. पण आई खाली उतरत नाही. गॅलरीत बसत नाही. खिडक्या लावून घेतल्यात, दिवसाही दिवा लावावा लागतो. मी बाहेर जाताना माझा हात सोडत नाही. कर्फ्यू उठला म्हणून सांगितलं, वर्तमानपत्र दाखवलं. म्हणाली की मला अजून कुणी ये म्हणालेलं नाही. मी रेडिओ लावून दाखवला. खरंच रे, आत जा म्हणून गाडी फिरते, बाहेर या म्हणून एकही गाडी आली नाही. पोरं खेळायला लागली तेव्हा लोकांना कळलं.

आणखी एक. काल मला हळूच विचारलं की त्याला तिथे जेवायला देत असतील का गं. मी म्हटलं, आई, ते जाऊन किती वर्षं झाली. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच वेडी. मग कागद मागितला. कुणाला लिहितेस ते सांगत नाही, पाकीट शिंपीकाकांजवळ देणार म्हणाली.

तू जीव वाचवलास तिचा. आता रजा काढ आणि ये. फीत नको, तू ये. बाहेर चल म्हणून तूच सांग. माझं ती ऐकत नाही.

वाट बघणारी,
ताई


२२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला येता येणार नाही.

सतरा तारखेला सकाळी मला घरून नेलं. चौकशी चालू आहे. तुरुंग नाही, खात्याचंच विश्रामगृह आहे. खाट चांगली आहे, चहा वेळेवर येतो, दारात एक माणूस बसतो, तोही वागायला बरा. चौकशी किती दिवस चालेल ते कुणी सांगत नाही. हे पत्र पाठवायच्या आधी साहेब वाचतील, तेव्हा साहेबांनाही नमस्कार.

काल त्यांनी माझ्यापुढे एक पत्र ठेवलं. आईचं. खात्याच्या पत्त्यावर आलेलं. त्यांचा प्रश्न एकच होता: तुम्हाला इथे ठेवलंय हे तुमच्या आईला कुणी कळवलं. मी शपथेवर सांगितलं, कुणी नाही. वरची तारीख बघा, म्हटलं. मला आणलं त्याच्या दोन दिवस आधीची आहे. त्यांनी तारीख पाहिली, टपालाचा शिक्काही पाहिला. मग म्हणाले की खात्याला याचा काही उपयोग नाही, हे ठेवा तुमच्याकडे.

ताई, आपण दोघांनी तिला वेडी ठरवलं. पत्र सोबत पाठवतोय. वाच आणि जपून ठेव. तिच्याजवळ बस. मी ठीक आहे म्हणून सांग, पण ती ऐकणार नाही.

तुझा,
धाकटा


१५ एप्रिल

रा. रा. गृहखात्याचे मोठे साहेब यांस,
नमस्कार. वि. वि.

मला सरकारी पत्र लिहिता येत नाही. घरच्यांना लिहितात तसं लिहिते, चुकलं तर समजून घ्या.

माझे यजमान तुमच्याकडे नोकरीला होते. ते वारले हे मला माहीत आहे. मुलीला वाटतं की मी विसरले. मी काही विसरलेले नाही. त्यांना तुम्ही गाडीतून घरी पाठवलंत, मी सही करून त्यांना घेतलं. पण आवाज तुमच्याकडेच राहिला. तेव्हाही मी गाडीमागे आले होते, गाडी थांबली नाही.

आता गाडी गल्लीत यायला लागली, म्हणून मी खाली येत होते. ते परत आले म्हणून नाही. मागायला येत होते. जन्मभर त्यांनी दुनियेला घरात जा म्हणून सांगितलं आणि स्वतः घरात येऊन गप्प बसले. मेल्यावर तरी त्यांना बोलायला लावू नका, एवढंच मला तुमच्या माणसांना सांगायचं होतं. ती माणसं ऐकत नव्हती, म्हणून रोज यावं लागलं.

मग त्या सोमवारी गाडीतून माझा धाकटा बोलला. मी लगेच ओळखलं. तुम्हाला वाटलं असेल की म्हातारी फसेल. पण ह्यांनी मला कधी ऐकलंस का म्हणून हाक मारली नाही, आत जा म्हणून तर कधीच नाही. आणि धाकट्याचं मला ठाऊक आहे. लहानपणी जिन्यात अंधार असला की तो बापाचा आवाज काढून बोलत वर यायचा, मोठं कुणी बरोबर आहे असं वाटावं म्हणून. तो घाबरला की तसा बोलतो. त्या दिवशी तो फार घाबरलेला होता.

म्हणजे तुम्ही त्यालाही नेलंत. माझ्यामुळे नेलंत, मी रस्त्यावर येत होते म्हणून. तर आता मी आत आहे. त्या दिवसापासून मी पाऊल बाहेर टाकलेलं नाही. दार लावलं आहे. खिडकीशी उभी राहत नाही. गॅलरीत बसत नाही. शेजारी विचारा, ते सांगतील. यापुढेही येणार नाही. ह्यांचा आवाजही मागत नाही, तो ठेवा तुमच्याकडे. मला काही सांगायचं असेल तर साध्या कागदावर लिहून पाठवा, मी वाचीन आणि तसंच करीन. त्याच्या तोंडून वदवून घेऊ नका. त्याचा घसा नाजूक आहे.

त्याला घरी पाठवा. तो आला की तुम्ही म्हणाल तिथे सही करते.

घरच्या पत्रात शेवटी लोभ असावा असं लिहितात. ते तुम्हाला लिहायला हात धजत नाही. आमच्या घरावर तुमचा लोभ फार वर्षं आहे. आता तो नसावा, ही विनंती.

धाकट्याची आई